ढगाचं माप

मास्तर गच्चीवर उभे राहून ढगाचं माप घेत होते. हात पुढे ताणून टेप डोळ्यांसमोर आडवा धरलेला, एक डोळा मिटलेला, ओठांत दोन टाचण्या. मी खोली बघायला आले होते. माझ्या हातात पिशवी होती आणि पिशवीत पत्रकांचा गठ्ठा. माझ्याकडे वळूनही न बघता त्यांनी विचारलं,

"लिहायला येतं काय गे तुला?"

"येतं."

"मग ती वही घे. लिही. कंबर तीन बोटं, खांदा पाच बोटं. वेळ तीन चाळीस. बाजू पिरियापट्टणाची."

मी लिहिलं. वही शिंप्याची मापाची होती. त्याच पानावर वर कुणाच्या तरी ब्लाऊजचं माप होतं, खाली हा ढग. खोलीचं भाडं, पाण्याची वेळ, रात्री गेट कधी लावायचं, ही सगळी बोलणी नंतर मामींनी केली. मामी म्हणजे मास्तरांच्या बायको. त्या म्हणाल्या, "लिहिता येतं म्हटलीस ना, झालं. मागचा भाडेकरी इंजिनियर होता, पण त्याला बोटं मोजायला येत नव्हती. ह्यांनी काढलं त्याला."

मास्तरांचं घराणं शिंप्यांचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी म्हैसूरला येऊन राहिलेलं. घरात विठ्ठल, तोंडात अर्धी मराठी आणि अर्धी कानडी. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मधल्या चौकात कानडीकडे वळायचं आणि कधी परत यायचं, कधी यायचं नाही. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान. शर्ट-पँट, शाळेचे गणवेश, लग्नाचे कोट. उन्हाळ्यात दुकानाच्या दारावर पाटी असायची : 'तीन ते सहा माप घेतले जाणार नाही.' गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तर झोपतात. मास्तर गच्चीवर असायचे. मार्च ते मे हे त्यांच्या मते ढगांच्या लग्नसराईचे दिवस. प्रत्येक ढगाची त्यांच्या वहीत नोंद होती. कंबर, खांदा, पहिल्या गडगडाटाची वेळ, शेवटच्या गडगडाटाची वेळ. शेरा म्हणून कधी 'फक्त कापला, शिवला नाही' असं असायचं. म्हणजे ढग जमला, पण बरसला नाही. शहराबाहेर येलवालला त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. त्याच्या कपड्यांना मास्तर काज-बटणं फुकट करून द्यायचे. बदल्यात तिकडे गारा पडल्या की त्याने फोन करायचा.

हे वेड कुठून लागलं, असं लोक त्यांना विचारायचे. वीज पडून कुणी गेलं का घरातलं? मीही विचारलं. ते चिडले. "तू पत्रकं का लिहितेस गे? कुणी पत्रक फेकून मारलं होतं काय तुला?"

इचलकरंजीला आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील यंत्रमागावर होते आणि संपाच्या काळात तर जेवणाची ताटंसुद्धा पत्रकांवर मांडलेली असत. मी अक्षरं शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो'वरून. पुढे मेटगळ्ळीतल्या शिवणकामाच्या कारखान्यांमधल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत मला नोकरी मिळाली आणि मी म्हैसूरला आले. कानडी बोलायला सहा महिन्यांत शिकले. लिहा-वाचायला मात्र येत नव्हतं. तिथल्या एका कारखान्याचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला होता. साठ बाया, आणि लघवीला जायचं तर टोकन घ्यावं लागे. पितळेची दोन टोकनं सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली. दोघी परत आल्याशिवाय तिसरीने उठायचं नाही. बाया सकाळपासून पाणी पीत नसत. माणसाच्या मूत्राशयावर पहारा बसवणारी व्यवस्था मी मोडल्याशिवाय राहणार नाही, असं मी ठरवलं होतं. अजूनही मला ते वाक्य बरोबर वाटतं.

मास्तरांना माझं पटायचं. "आमच्या दुकानात कारागिराला उठायचं असलं तर उठतो. सुई काय बोंबलत नै," असं म्हणायचे. फक्त त्यांचं म्हणणं, मी त्याहून मोठ्या विषयावर लिहीत नाही. "एक पत्रक गुडुगावर लिही," ते म्हणायचे. गुडुगु म्हणजे गडगडाट.

"मास्तर, पत्रक अन्यायावर असतं. हवामानावर नसतं."

"बरं. वीज कुणावर पडते, सांग."

"कुणावरही."

"अय्यो! कुणावरही कशी? बंगल्यात बसलेल्यावर पडते? कारीत बसलेल्यावर? तंबाखूची रोपं लावणाऱ्या बाईवर पडते. मेंढरांमागं फिरणाऱ्यावर पडते. झाडाखाली डबा खाणाऱ्यावर पडते. तूच म्हणतेस नै, तो शब्द काय तुझा, वर्ग?"

मी हसण्यावारी नेलं. ही माझी पहिली चूक.

झाडांखालची माणसं हा मास्तरांचा कायमचा शत्रू. आभाळ भरलं की ते जुन्या स्कूटरवर निघायचे आणि आमच्या भागातल्या गुलमोहरांखालून लोकांना हाकलायचे. शहाळीवाला, बससाठी थांबलेली कॉलेजची पोरं, बाकावरची जोडपी. "निघा! निघा! आत जा!" पाऊस अजून अर्ध्या तासावर असायचा. एकदा एका जोडप्याने पोलिसांना बोलावलं. त्यांना वाटलं, हा कुठल्या तरी संस्कृतिरक्षक टोळीचा म्हातारा. पोलिसाने विचारलं, ह्यांना का उठवलं? मास्तर म्हणाले, "प्रेम करू दे की. पक्क्या घरात करू दे. नैतर कारीत, काचा वर करून." पोलिसाने त्यांना पुन्हा असं न बोलण्याची ताकीद दिली.

विठ्ठलाच्या देवळातही त्यांना जपूनच बोलवायचे. एका एकादशीला भजन रंगात आलेलं असताना खिडकीबाहेर वीज चमकली. मास्तरांच्या हातात टाळ होते. त्यांनी अभंगाचा ठेका सोडला आणि सेकंदाचा धरला. त्यांच्या शेजारच्या चौघांनी सवयीने त्यांचाच ठेका उचलला, मग सगळ्यांनी. बुवा एकटे एका लयीत, देऊळ दुसऱ्या. गडगडाट झाला तेव्हा मास्तर मोठ्याने म्हणाले, "बारा! चार किलोमीटर! चालू द्या, छत पक्कं आहे." बुवांनी पखवाजावर डोकं टेकलं. आवाज सेकंदाला साधारण तिसरा हिस्सा किलोमीटर चालतो, म्हणून सेकंदांना तिनाने भागायचं, हे त्या देवळातल्या म्हाताऱ्यांना आजही कुठल्याही अभंगापेक्षा पक्कं येतं.

मला मात्र त्यांनी ढग नीट शिकवला. कापायच्या टेबलावर, कपडा घेऊन. इस्त्रीच्या वाफेवर मलमलीचा तुकडा धरला, तो फुगून वर गेला. "बघ. सकाळपासून जमीन तापलेली. खालची हवा गरम आणि ओली, वरची गार आणि कोरडी. हलकं खाली, जड वर. किती वेळ टिकणार? खालचं वर निघतं. वर गेलं की वाफेचं पाणी होतं, आणि पाणी होताना ती ऊब सोडते. त्या उबेनं अजून वर. असं करत बारा-चौदा किलोमीटर. तिथं अदृश्य छत लागतं. मग जाणार कुठं? पसरतो. डोकं इस्त्री केल्यागत सपाट. सपाट डोकं दिसलं की पळायचं."

"प्रत्येक ढगापासून?"

"नै गे. साधा ढग बिचारा अर्ध्या-पाऊण तासात मरतो. त्याचाच पाऊस त्याच्या चढत्या हवेवर पडतो, आपल्याच धोतरात पाय अडकून पडतो तसा. वाईट कोणता? वरचा वारा एकीकडं, खालचा दुसरीकडं असला, की ढग तिरका उभा राहतो." त्यांनी कापड तिरकं ताणलं. "आम्ही याला उरेब म्हणतो. उरेब कापड ताणलं तर ताणत राहतं. उरेब ढगाचा पाऊस बाजूला पडतो, चढण चालूच. तो तासन् तास जगतो. गारेला आस्तरावर आस्तर चढवतो. आत बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, नायलॉनच्या साडीगत चटचट करतात, त्यातनं वीज. आणि शेवटी पोटातली गार हवा धपकन खाली सोडतो. ती जमिनीवर आपटून चारी दिशांना पळते. झाडं पडतात ती तिनं. पाऊस यायच्या आधी. लोक पाऊस नै म्हून झाडाखाली उभे, आणि झाड त्यांच्यावर."

पत्रकांची व्यवस्था अशी होती : मी मराठीत लिहायचे, मास्तर कानडी करायचे, आणि त्यांच्या ओळखीच्या छापखान्यात ते छापून यायचं. पैसे घेत नसत. माझ्या लक्षात आलं होतं की कानडी पत्रक मराठीपेक्षा लांब होतं. विचारलं तर म्हणाले, "कानडी अक्षरं गोल असतात गे. जागा जास्त लागते." मला ते पटलं. चार पत्रकं निघाली. बाया ती जपून ठेवतात, घडी करून पर्समध्ये ठेवतात, हे बघून मला भरून यायचं. रत्नम्मा नावाची बाई त्यांच्यातली पुढारी. पस्तिशीची, ओव्हरलॉक मशीनवर काम करणारी, आवाजाने खणखणीत. तिने एकदा मला विचारलं, "अक्का, गुडुगु आला की खरंच सगळ्यांनी एकदम निघायचं?" तिला लढ्याची गर्जना म्हणायची आहे असं समजून मी मूठ वळून म्हटलं, "एकदम! कुणी मागे राहायचं नाही!" ती गंभीरपणे मान हलवून गेली.

एप्रिलच्या शेवटी आम्ही गेट मीटिंग ठरवली. चार वाजता चहाची सुट्टी असते, तेव्हा फाटकाबाहेर गुलमोहराखाली. मी चहावाल्याच्या लोखंडी टेबलावर चढले. बाजूला लोखंडी पाइपाला झेंडा बांधला. साठच्या साठ बाया आल्या. फाटकावरचा वॉचमनही आला. मास्तर वही आणि टेप घेऊन आले होते आणि लांब रस्त्यावर उभे होते. मला वाटलं, भाषण ऐकायला आलेत.

हवा पडली होती. मी म्हणाले, "किती दिवस आपण खिळ्यावरच्या टोकनाकडे बघत बसणार?" येलवालच्या बाजूला लखकन झालं. आणि समोरच्या साठ बाया एका आवाजात मोजायला लागल्या. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..."

मला आधी वाटलं, ही घोषणा आहे. मी मूठ उंच केली. त्या मोजत राहिल्या. बाविसाव्या आकड्याला गडगडाट झाला. बाया गप्प झाल्या, परत लखकन झालं, परत मोजलं. या वेळी सतरा. रत्नम्मा वळली आणि तिच्यामागे सगळ्या वळल्या, आणि शिस्तीत, न ढकलता, फाटकातून आत चालायला लागल्या. वॉचमन सगळ्यांच्या पुढे होता.

"थांबा! कुठे चाललात?"

"आत, अक्का. पत्रकात लिहिलंय."

शिवणकाम चालायचं ती पत्र्याची शेड तीन बाजूंनी उघडी. त्या आवारात पक्की इमारत एकच, मॅनेजरचं ऑफिस. बाया तिकडे गेल्या.

मी टेबलावर एकटी राहिले. चहावालाही गेला होता. मी भाषण चालू ठेवलं. वडिलांनी सांगितलं होतं, सभा उधळली तरी वक्त्याने उतरायचं नाही. मास्तर आले.

"उतर."

"मास्तर, मी माघार घेत नाही."

"माघार कुणाकडनं? ढगाला तू माहीत सुद्धा नैस!"

त्यांनी मापाचा टेप माझ्या मनगटाला गुंडाळला आणि ओढलं. मी उतरले, कारण पडायचं नव्हतं. आम्ही ऑफिसच्या पायरीवर पोचतो न पोचतो तोच तो वारा आला. पाऊस नव्हता. नुसता गार वारा, जमिनीवरून पळत आल्यासारखा. गुलमोहराची एक मोठी फांदी कडाडून खाली आली आणि चहावाल्याच्या टेबलाचे चारही पाय चार दिशांना गेले. माझा झेंडा फांदीखाली होता. मास्तरांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं.

आत वेगळंच चाललं होतं. साठ बाया फरशीवर भिंतींपासून लांब, पाय जुळवून बसलेल्या. मॅनेजर खुर्चीत पाय वर घेऊन, कानाला फोन लावून ओरडत होते, "घेराव! मला घेराव घातलाय!" फोन चार्जरला लावलेला होता. रत्नम्मा हात जोडून म्हणाली, "साहेब, वायर काढा. वीज वायरीतून येते." त्यांनी वायर काढली. फोनची बॅटरी संपलेली होती, तो बंद पडला. मग तिने कॉम्प्युटरचा प्लग काढला. पुढे कंपनीच्या तक्रारीत आलं, 'माझा बाहेरील जगाशी संपर्क पद्धतशीरपणे तोडण्यात आला.' साहेब उठून दाराकडे गेले, तर पाच-सहा जणी काळजीने ओरडल्या, "बाहेर जाऊ नका!" तेही तक्रारीत आलं.

शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं आत थांबायचं, असा नियम. पण ढग उरेब होता. दर वीस-पंचवीस मिनिटांनी कुठून तरी गुरगुरायचा. मास्तर जाहीर करायचे, "परत पहिल्यापासून." असे दोन तास दहा मिनिटं गेली. आणि या वेळात बाया एकेक करून उठल्या आणि साहेबांच्या ऑफिसातल्या, आरसा आणि साबण असलेल्या संडासात जाऊन आल्या. टोकनं तिकडे शेडमध्ये खिळ्याला होती. काही जणी दोनदा गेल्या. एक आजीबाईएवढी बाई बाहेर येऊन म्हणाली, "दार आतून लागतं गं!" आणि सगळ्या बाया हसल्या. त्या हसण्यासाठी मी पत्रकं लिहीत होते.

तिसऱ्या दिवशी तिघींच्या हातात निलंबनाची पत्रं पडली. त्यांत रत्नम्मा होती. आरोप : घेराव, मॅनेजरला कोंडून ठेवणं, टोकनाविना प्रसाधनगृहाचा वापर.

मी रात्रभर बसून पाचवं पत्रक लिहिलं. 'मेटगळ्ळीचा ऐतिहासिक घेराव'. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक होतं ते. सकाळी मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे खोटं आहे गे."

मग त्यांनी कबुली दिली. पहिल्या पत्रकापासून प्रत्येकात, शेवटून दुसरा परिच्छेद त्यांचा होता. गडगडाट ऐकू आला की काय करायचं, कुठं जायचं, कुठं थांबायचं नाही. ते वाचून दाखवत गेले, पण माझं डोकं इतकं तापलं की पहिल्यानंतरचं मी ऐकलंच नाही.

"माझ्या शब्दांत ढग घातलात तुम्ही! मला न विचारता!"

"तुझा एक शब्द पण काढला नै. नुसतं आस्तर घातलं."

"ही फसवणूक आहे, मास्तर."

"होय," ते म्हणाले. "फांदी पण पडली."

मी वर जाऊन सामान बांधायला घेतलं. मामी चहा घेऊन आल्या. "माझ्या रुखवताच्या यादीत पण त्यांनी खाली गारांचं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मी राहिले की. तू पण राहा." दुपारी रत्नम्मा आली. पत्रकात काय आहे ते मी तिला कानडीत सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "अक्का, घेराव म्हटलंत तर आम्ही तिघी गेलो. वादळ म्हटलंत तर राहू. तुम्हाला घेराव पाहिजे का मी पाहिजे?"

असा प्रश्न मला कुठल्याही पत्रकाने विचारला नव्हता. मी 'ऐतिहासिक घेराव' फाडला.

कामगार खात्याच्या कचेरीत सुनावणी झाली. अधिकारी सावकाश बोलणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांच्या टेबलावर चारही कानडी पत्रकं पुरावा म्हणून ठेवलेली होती. कंपनीनेच आणलेली. मास्तरांनी मापाची वही उघडून पहिल्या आणि शेवटच्या गडगडाटाची वेळ सांगितली. मग त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी पिशवीतून मलमल काढली आणि चाळीस मिनिटं ढग समजावला. अधिकाऱ्यांनी मधेच विचारलं, "उरेब म्हणजे?" तेव्हा मास्तरांनी त्यांच्याच टेबलावरचा रुमाल तिरका ताणून दाखवला. टंकलेखन करणारी बाई टाइप करायचं सोडून बघत बसली होती.

मग अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही संघटनेच्या. तुम्ही सांगा. हा घेराव होता की नाही?"

खोलीत वडील नव्हते, पण मला वाटलं, आहेत. मी म्हणाले, "नव्हता. त्या बाया वादळातून आडोशाला गेल्या होत्या." एवढं सोपं, एवढं खरं वाक्य उच्चारायला मला इतकं जड जावं, याची मला अजून लाज वाटते.

"ते राहू दे," मॅनेजर उसळून म्हणाले. "आणि संडास? टोकन न घेता साठ जणी गेल्या, त्याचं काय? तेही वादळ?"

रत्नम्माने मान खाली घातली. मास्तर मलमलीची घडी घालत होते. घडी घालून झाली, तरी ते परत उलगडून घालायला लागले. शेवटी म्हणाले, "टोकन पितळेचं आहे, सर."

"मग?"

"पितळ म्हणजे धातू. वीज कडाडत असताना हातात धातू... धोक्याचं आहे."

अधिकाऱ्यांनी समोरच्या पत्रकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून पुसला, तोंडावर रुमाल धरून खोकले, आणि सांगितलं की निलंबन मागे घ्यावं, गडगडाट झाला की ऑफिसचं दार उघडं ठेवावं, आणि वादळी हवामानाच्या काळात धातूची टोकनं वापरू नयेत.

"हा काळ कधी ते कधी?" मॅनेजरनी विचारलं.

मास्तरांनी वही चाळली. "मार्च ते मे वळवाचे ढग. मग पावसाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर परतीचे, ते तर जास्त वाईट. डिसेंबरात समुद्रात चक्रीवादळ झालं तर सांगता येत नै."

"जानेवारी? फेब्रुवारी?"

"त्या दोन महिन्यांचं पुढल्या वर्षी बघू," अधिकारी म्हणाले.

"प्लास्टिकची टोकनं चालतील?"

"रीतसर अर्ज करा. छाननी होईल."

बाहेर पायऱ्यांवर मी मास्तरांचे हात धरले. "मी खोटं बोललो गे," ते म्हणाले. "टोकनाएवढ्या पितळेला वीज विचारत पण नै. ती बघते उंच काय आहे, उघड्यावर कोण आहे. त्या बाया तर घरात होत्या. चाळीस वर्षं लोकांना सांगतो, अंगावरच्या धातूनं वीज येत नै, आणि आज..."

रत्नम्मा मागेच होती. ती हसायला लागली. "माहीत आहे, मास्तर. दुसऱ्या पत्रकात तुम्हीच लिहिलंय ते. आम्हा सगळ्यांना पाठ आहे."

म्हणजे ते पत्रक अधिकाऱ्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बायांनी वाचलं होतं, अधिकाऱ्यांनी वाचलं. वाचलं नव्हतं ते दोघांनीच. मॅनेजरनी, कारण कामगारांचं पत्रक कोण वाचतो, आणि मी.

मास्तरांना हसू आलं नाही. चार दिवस ते गच्चीवर गेले नाहीत. दोन ढग आले आणि माप न घेता गेले. दुकान तीन ते सहा उघडं राहिलं आणि गिऱ्हाइकं घाबरली. मामी मला म्हणाल्या, "काय तरी कर गे. काल एकाचा कोट तीन वेळा मापला." पाचव्या दिवशी मास्तर वर आले आणि म्हणाले, दुरुस्तीचं पत्रक काढायचं. टोकनाने वीज येत नाही, असं छापायचं. नाहीतर लोक खिशातली नाणी काढून झाडाखाली निवांत उभे राहतील, आणि मरतील.

"मास्तर, ते मॅनेजरच्या हातात पडलं तर टोकनं परत खिळ्यावर."

"खरं ते खरं नै काय? तूच म्हणतेस."

मीच म्हणत होते. आयुष्यभर. मी दोन रात्री विचार केला. मास्तरांचं सत्य खरं होतं आणि त्या बायांचं पाणी पिणंही खरं होतं, आणि दोन्ही एका कागदावर मावत नव्हतं. मग मी दुरुस्तीचं पत्रक लिहिलं. स्पष्ट, ठळक अक्षरांत, काहीही न लपवता. मराठीत. मास्तरांकडे भाषांतराला दिलं नाही, तसंच छापून आणलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं. "कानडी?"

"तुम्हाला वेळ मिळेल तेव्हा करा की, मास्तर."

ते पत्रकं घेऊन देवळात गेले आणि विठ्ठलाच्या सभामंडपात, भजनाच्या वेळापत्रकाशेजारी स्वतःच्या हाताने एक चिकटवलं. उरलेली भजनाला आलेल्यांना वाटली. त्यांतलं कुणीही मेटगळ्ळीला कामाला जात नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता दुकानाच्या दारावर पाटी लागली.

मी म्हैसूर सोडलं त्याला दोन वर्षं झाली. रत्नम्माशी फोनवर बोलणं होतं. कारखान्यात टोकन अजून परत लागलेलं नाही. प्लास्टिकच्या अर्जाची छाननी चालू आहे. मास्तरांना भाषांतराला अजून वेळ मिळालेला नाही. मी हे सगळं इथे लिहिलं आहे, कारण मास्तरांना दिलेला शब्द आहे की खरं ते छापायचं. एवढीच विनंती : कुणी हे कधी कानडीत नेलं, तर शेवटून काही परिच्छेद गाळावेत. अक्षरं गोल असतात, जागा कमी पडते.